सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत

शेती मी 2021 पासून करते. महसूल खात्याच्या कागदावर शेतकरी झाले ती 2025 च्या ऑगस्टमध्ये. मधल्या काळात पेरणी, फवारणी, मजुरांचा हिशेब, आडतीवरची पट्टी सगळं माझ्या हातून गेलं. पण अर्जावर सही करायची वेळ आली की माझी सही चालत नव्हती. तरुण शेतीत का उतरत नाहीत यावर मी भाषणं पुष्कळ ऐकली आहेत. पाणी नाही, भाव नाही, पोरांना कष्ट नकोत. पहिली दोन कारणं खरी आहेत. तिसरं मला मान्य नाही. आणखी एक कारण आहे, त्यावर घरातसुद्धा कुणी मोठ्यानं बोलत नाही. जमीन कसणाऱ्या पोराच्या किंवा पोरीच्या नावावर काहीच नसतं. त्यातून आम्ही वाट कशी काढली ते सांगते, कारण आमच्या भागातली कितीतरी मुलंमुली आजही तिथंच अडकून आहेत.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. दोन गटांत मिळून बारा एकर जमीन, सगळी जिरायत. एका कडेला बोअर आहे, तो फेब्रुवारीपर्यंत साथ देतो. खरिपात सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी, मागून हरभरा. मी कृषी पदविका केली, थोडे दिवस पुण्यात बियाणांच्या एका कंपनीत काम केलं आणि परत आले. आल्यावर सोयाबीन रुंद वरंबा सरीवर घ्यायला लागले, परभणीच्या विद्यापीठाचं एमएयूएस 612 लावलं, बियाणं घरचंच राखायला सुरुवात केली. बी कमी लागलं आणि जास्त पावसात सरीतून पाणी निघून जायला लागलं. पहिल्या वर्षी शेजारचे बांधावर थांबून नुसते बघायचे, नंतर विचारायला लागले. शेतातल्या कामात मुलगी म्हणून मला फारसं कुणी अडवलं नाही. आमच्याकडं निंदणी, खुरपणी, काढणी बायकाच करतात, त्यामुळं बाई शेतात दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते बाई कागदावर दिसली की.

गाठ खरी लक्षात आली 2024 च्या दिवाळीच्या सुमाराला. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये क्विंटल होता आणि बाजारात माल चार हजारांच्या आसपास मागत होते. हमीभाव केंद्रावर माल घालायचा तर आधी नोंदणी, आणि नोंदणीला पिकाची नोंद असलेला सातबारा, आधार आणि पासबुक. पिकाची नोंद मी स्वतः केलेली होती. ई-पीक पाहणी राज्यभर 15 ऑगस्ट 2021 ला सुरू झाली, तेव्हापासून दर खरिपात मी मोबाईल घेऊन शेताच्या मधोमध उभी राहते आणि पिकाचा फोटो टाकते. खातेदार निवडायच्या यादीत आमच्या गटाला एकच नाव यायचं, आजोबांचं. आजोबा 2019 मध्ये गेले. त्यांच्यानंतर मी पेरलेलं, मी काढलेलं सोयाबीन सरकारी दप्तरात त्यांनीच पिकवलेलं होतं. केंद्रावरचा मुलगा माझ्याच वयाचा होता. म्हणाला, "ताई, खातेदाराचं आधार आणि पासबुक लागतंय." खातेदार हयात नाही म्हटल्यावर त्यानं पुढचा नंबर पुकारला. त्यात त्याची काही चूक नव्हती. माल आडतीवर गेला आणि क्विंटलमागं आठशे-नऊशे रुपये तिथंच राहिले.

आता प्रश्न असा की पाच वर्षं वारस नोंद का झाली नाही. कागद काही अवघड नाहीत. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी असलेलं प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड, आधार, आणि तलाठ्याकडं अर्ज. (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच म्हणतात.) अर्ज ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही करता येतो. गावात चौकशी होते, वारस रजिस्टरला, म्हणजे सहा-क ला नोंद होते, मग फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला जातो, संबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. कुणी हरकत घेतली नाही तर काम दोनेक महिन्यांत उरकतं.

पण वारसांची यादी लिहायला बसलं की त्यात बहिणींची नावं लिहावी लागतात. गावोगाव वारस नोंदी रखडतात त्या इथं. आमच्या घरी आजोबांचे वारस चार. अप्पा, म्हणजे माझे वडील, तात्या म्हणजे चुलते, आणि दोघी आत्या. आजी आधीच वारलेली. तात्यांचं म्हणणं, बहिणींची नावं लागली की त्यांचे जावई-नातू उद्या दारात उभे राहतील, त्यापेक्षा आहे तसं राहू द्या. अप्पांचं म्हणणं वेगळं काही नव्हतं, फक्त ते बोलत नव्हते. अशा प्रकारे दोन कर्ते पुरुष पाच वर्षं एका मेलेल्या माणसाच्या नावावर शेती करत होते. पीककर्ज बंद, पीएम किसानचा हप्ता आजोबांबरोबर थांबलेला, विम्याची भानगड. हे नुकसान त्यांना दिसत नव्हतं असं नाही. बहिणींना विचारायला जाणं त्यांना त्याहून जड जात होतं.

मी थोरल्या आत्याकडं उदगीरला गेले. ती विधवा आहे, मुलाकडं राहते. मी सरळ सांगितलं की सातबाऱ्यावर तुझं नाव येणार आहे, तू हक्कसोड करावीस असं तात्यांना वाटतंय, मला तसं वाटत नाही. तुला काय पाहिजे ते तू सांग. मी स्वतः बापाच्या जमिनीत वाटा मागायला निघालेली पोरगी. माझ्या बापाच्या बहिणीला तिचा वाटा सोड म्हणायला माझी जीभ रेटली नसती. आत्या बराच वेळ आजोबांच्या आठवणी सांगत राहिली, मग म्हणाली, "मला जमीन राहू दे. पोराच्या घरात बसून खायलाव, माझं म्हणून काहीतरी असू दे." धाकटी आत्या सोलापूरला असते, तिचं बरं चाललंय. तिनं स्वतःहून सोडते म्हणून सांगितलं. तिलाही मी एकटीला गाठूनच विचारलं, भावांसमोर नाही. तिच्या हक्कसोडपत्राची रीतसर दुय्यम निबंधकाकडं नोंदणी झाली.

यावरून तात्या भडकले. घरी बैठक बसली. तात्यांचा मुद्दा जुनाच, "हिच्या लग्नात आबानं हुंडा दिला की. तोच तिचा वाटा." आबा म्हणजे आजोबा. थोरली आत्या फोनवर होती, स्पीकर चालू होता. ती म्हणाली, "हुंडा मला नव्हता मिळाला रे, माझ्या सासऱ्याला मिळाला होता." त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. मी कायदा वाचून गेले होते. महाराष्ट्रानं 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, केंद्राचा कायदा 9 सप्टेंबर 2005 पासून बदलला, आणि सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं आहे, 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. हे सांगितलं, पण खरं सांगायचं तर तात्या कायद्यानं वळले नाहीत. वकिलानं त्यांना सांगितलं की कोर्टात गेलात तर पंधरा-वीस वर्षं जमीन अडकेल आणि शेवटी बहिणीला मिळेलच, तेव्हा ते वळले. कसेही वळोत, मला चाललं.

एवढ्यात 2025 च्या एप्रिलमध्ये जिवंत सातबारा मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावायची, तीही ठरावीक मुदतीत. आमचा अर्ज त्याआधीच पडून होता, तो या मोहिमेत हलला. चार नावं लागली. पुढं धाकट्या आत्याचा वाटा दोघा भावांत आला. बारा एकरांत थोरल्या आत्याचे तीन आणि दोघा भावांचे साडेचार-साडेचार. राज्यातली सरासरी धारण जमीन 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 च्या कृषी गणनेत ती 1.34 हेक्टर निघाली. हे आकडे मी पदविकेला पाठ केले होते. आता ते माझ्याच घरात एका टेबलावर घडताना पाहत होते.

वारस नोंद झाली, पण त्यानं माझा प्रश्न सुटला नव्हता. नाव अप्पांचं लागलं, माझं नाही. इथून पुढचा भाग मला सगळ्यात अवघड गेला, आणि माझ्या मते तरुणांच्या अडचणीचं मूळ इथंच आहे.

अप्पांना मी म्हटलं की काही जमीन माझ्या नावावर करा. ते नाही म्हणाले नाहीत. बघू म्हणाले, आणि पुढं महिनाभर विषय टाळत राहिले. मला वाटत होतं की मुलगी म्हणून. थोडंफार ते होतंही, पोरगी लग्न करून गेली की जमीन परघरी जाते हा विचार आमच्या भागात प्रत्येकाच्या मनात असतो. पण खरं कारण एका संध्याकाळी आईनं सांगितलं. गावातल्या एका म्हाताऱ्यानं दोन्ही पोरांना जमीन वाटून दिली होती. रत्नागिरी-नागपूर महामार्ग झाल्यावर रस्त्याकडंच्या जमिनीला भाव आला, पोरांनी विकली, पैसे वर्ष-दोन वर्षांत संपले. म्हातारा आता देवळाच्या ओसरीवर दिवस काढतो. अप्पा त्याच्याजवळ बसून रोज चहा पितात.

हे कळल्यावर अप्पांवरचा माझा राग गेला. नोकरदाराला निवृत्तीनंतर काहीतरी मिळतं. शेतकऱ्याची सगळी पेन्शन म्हणजे जमीन. केंद्रानं 2019 मध्ये शेतकऱ्यांसाठी मानधन योजना आणली, साठीनंतर महिना तीन हजार, पण त्यात शिरायचं वय 18 ते 40. अप्पा तेव्हाच पन्नाशी ओलांडलेले. म्हणजे आज ज्यांच्या नावावर जमीन आहे त्या पिढीला ती योजना लागूच झाली नाही. मग हा माणूस सातबाऱ्यावरचं नाव कशाच्या भरवशावर सोडील? पोरं बघतील या भरवशावर? तरुणांना शेतीत आणायच्या गोष्टी करणाऱ्यांनी आधी म्हाताऱ्यांच्या पोटाचं बघावं असं मला मनापासून वाटतं. बाप निर्धास्त झाला तर पोराला जमीन मिळेल. आज बाप साठी-पासष्टीपर्यंत जमीन धरून ठेवतो, तोवर पोरगं चाळिशीला टेकतं आणि शहरात कुठंतरी रुजलेलं असतं.

म्हणून मी मागणी बदलली. मला मालकी किती मिळते याला महत्त्व नव्हतं. मला माझ्या नावाचा आठ-अ हवा होता, म्हणजे खातं. कर्ज, विमा, अनुदान, हमीभाव, नुकसानभरपाई ही सगळी दारं खाते क्रमांकानं उघडतात, मग खात्यावर दोन एकर असो की दहा. अप्पांना म्हटलं, साडेचारातले दोन एकर माझ्या नावावर करा, अडीच तुमच्याकडं ठेवा, आणि त्या अडीचवर तुमच्याबरोबर आईचंही नाव लावा. लक्ष्मी मुक्ती योजना 1992 पासून आहे, नवऱ्यानं अर्ज दिला की बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. शेतकरी संघटनेनं त्या काळात गावंच्या गावं यासाठी उभी केली होती, आमच्या तालुक्यातही त्याच्या आठवणी सांगणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. आईचं नाव लागलं की अप्पांनाही बळ आलं, कारण आता ती जमीन दोघांच्या सहीशिवाय कुठं जाणार नव्हती. धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे. तो म्हणाला, "ताईचं होऊ द्या, माझं अप्पाकडंच राहू द्या." एवढ्या सरळ भावाबद्दल मी देवाचे आभार मानते, सगळ्यांचं नशीब असं नसतं.

पुढचं काम महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली. सगळ्या सहधारकांनी मिळून तहसीलदाराकडं वाटपाचा अर्ज करायचा, सोबत सातबारे, आठ-अ, कुणाला कुठल्या गटातलं किती क्षेत्र जाणार त्याचा तपशील चतुःसीमेसह, आणि सगळ्यांचे जबाब. दुसरा मार्ग नोंदणीकृत वाटणीपत्राचा, आणि त्यावरचं नोंदणी शुल्क सरकारनं 2025 मध्ये माफ केलंय, त्यामुळं तोही आता परवडतो. आम्ही तहसीलचा मार्ग धरला कारण तात्यांच्या साडेचाराचं आणि आत्याच्या तीन एकरांचं वाटपही त्याच अर्जात बसत होतं. एक गोष्ट आधी बघून घ्यावी लागते ती प्रमाणभूत क्षेत्राची. 2023 च्या ऑगस्टमधल्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे ही किमान मर्यादा केली आहे. त्याखाली तुकडा पडत असेल तर वाटप मंजूर होत नाही. आमचा कुठलाच हिस्सा त्याखाली नव्हता.

जबाबाच्या दिवशी भाऊ रजा काढून आला, थोरल्या आत्याला मी गाडीवर घेऊन आले, धाकटी आत्या गरज नसताना सोबत म्हणून आली. तिथल्या एका कारकुनानं फाईल चाळत अप्पांना विचारलं, "मुलीच्या नावावर कशाला करताय? उद्या लग्न झाल्यावर परत हक्कसोड करून घ्यावी लागंल." मी काही म्हणायच्या आत अप्पा म्हणाले, "शेती ती करती. तुमी जबाब लिव्हा." बस, एवढंच. महिनाभर बघू-बघू करणारा माणूस त्या टेबलासमोर असा बोलला, तेव्हा मला कळलं की निर्णय त्यांच्या मनात कधीच झाला होता.

आदेश झाला, तलाठ्यानं फेरफार धरला, नोटिशीची मुदत संपली, मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केला. जुना सोसायटीचा एक बोजा, म्हणजे उताऱ्यावरची कर्जाची नोंद, मधेच निघाला. कर्ज आजोबांनीच फेडलेलं, पण बेबाकी दाखला तलाठ्याकडं कुणी दिला नव्हता म्हणून इतर हक्कात तो तसाच बसलेला. दाखला आणून तो कमी करून घेतला. तुमच्या सातबाऱ्यावरही असा मेलेला बोजा असू शकतो, वाटपाच्या आधी उतारा नीट वाचा.

माझ्या नावाचा आठ-अ मिळाल्यावर आठवडाभरात ॲग्रिस्टॅकवर, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदवहीत, नोंदणी करून शेतकरी ओळख क्रमांक काढला. कृषी खात्याच्या योजनांना तो आता सक्तीचा आहे. मग पीककर्जासाठी बँकेत गेले. बँकेचं नाव घेत नाही. साहेबांनी आधी विचारलं लग्न कधी, मग म्हणाले वडिलांना जामीन ठेवा आणि जमीन तारण द्या. दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही असं रिझर्व्ह बँकेनं 1 जानेवारी 2025 पासून लागू केलंय. त्याआधी ही मर्यादा एक लाख साठ हजार होती. परिपत्रकाची छापील प्रत मी बरोबर नेली होती. ती टेबलावर ठेवल्यावर साहेबांचा सूर बदलला, पण खरीप संपत आलाय म्हणून प्रकरण रब्बीवर गेलं. हिवाळ्यात किसान क्रेडिट कार्ड मिळालं. दोन एकरांवरचं कर्ज ते किती असणार? त्यात विहीर होत नाही की ट्रॅक्टर येत नाही. पण तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर फेडलं की केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं, आणि यापुढं फेडलेल्या प्रत्येक हप्त्याची पत माझ्या नावावर जमा होईल. आजवर मी आईच्या बचत गटातून आणि आडत्याच्या उचलीवर बी-खत उचलत होते. आडत्याची उचल घेतली की माल त्याच्याच काट्यावर घालावा लागतो, भाव काहीही असो.

ठिबकचा अर्ज महाडीबीटी या राज्याच्या अनुदानाच्या पोर्टलवर केला आहे. अल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेतून 55 टक्के आणि राज्याकडून पूरक 25 टक्के असं 80 टक्के अनुदान आहे. अडचण पाण्याच्या नोंदीची आली. बोअर अप्पांच्या अडीच एकरात गेलाय, माझ्या सातबाऱ्यावर पाण्याचं साधनच नाही. मग सामाईक पाण्याचं संमतीपत्र जोडलं. वाटप करताना विहीर-बोअरचं पाणी कुणाला किती, पाइपलाइन कुणाच्या रानातून, हे आदेशाच्या अर्जातच लिहून घ्या. आणि रस्ताही. आमच्या गावात वाटपानंतर आतल्या हिश्श्याला वाट न राहिल्यानं सख्खे भाऊ तहसीलदारासमोर उभे आहेत.

थोरल्या आत्याची तीन एकरंही मीच करते, निम्म्या बटईनं. खर्च निम्मा, माल निम्मा. त्याचा करार मात्र कागदावर नाही. करार करू म्हटलं की तिचा मुलगा म्हणतो, कूळ लागेल. मराठवाड्यात हैदराबादचा 1950 चा कूळ कायदा लागू आहे, आणि कसणाऱ्याचं नाव कागदावर आलं की जमीन जाते ही भीती लोकांच्या मनात आजही ताजी आहे. त्या कायद्यानं कित्येक भूमिहीनांना जमीन दिली, ते मोठं काम होतं. पण आज त्याच भीतीनं कुणी लेखी खंडानं जमीन देत नाही. माझी गोष्ट तरी वारशाची आहे. ज्या तरुणाच्या बापाकडंच जमीन नाही, त्यानं काय करावं? शेतकरी नसलेल्याला आपल्याकडं शेतजमीन सहजी विकत घेता येत नाही, बटईनं केली तर कागद नाही, कागद नाही म्हणून कर्ज नाही आणि विमा नाही. माझ्याबरोबर पदविका केलेली दोन-तीन हुशार मुलं अशी आहेत. मातीतलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि ती आज खताच्या दुकानात काउंटरवर उभी आहेत.

नाव लागून महिना होतो न होतो तोच सप्टेंबरचा तो पाऊस आला. 2025 चा सप्टेंबर मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. मांजरा, तेरणा फुगल्या, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, शेंगांना जागेवर कोंब फुटले. रुंद वरंब्यावरचं जरा तगलं, पण तेही निम्म्यावर आलं. पंचनामा झाला, जिरायतीला हेक्टरी साडेआठ हजारांची मदत जाहीर झाली. ओळख क्रमांक असल्यानं केवायसीच्या रांगेत उभं राहायची वेळ आली नाही. खात्यावर सात हजारांच्या आत रक्कम आली. शेतकरी म्हणून माझ्या नावावर जमा झालेला पहिला पैसा पीक गेल्याचा होता. रडू आलं. पण आदल्या वर्षीसारखं ते आजोबांच्या नावावर अडकून पडलं नाही, आणि त्या पैशात हरभऱ्याची पेरणी झाली, हेही तितकंच खरं.

चुलतभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, उत्तम शेती करतो. पाहुणे येतात आणि विचारतात, पोराच्या नावावर किती? तात्या म्हणतात लग्न झालं की करू. मुलीकडचे म्हणतात नावावर असेल तर बघू. 2022 च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू मुलांनी बाशिंग बांधून मोर्चा काढला तेव्हा टीव्हीवाल्यांनी ती गंमत म्हणून दाखवली. मला त्यात हा माझा भाऊ दिसत होता. आता तो अधूनमधून लातूरला जेसीबी चालवायला जातो. तात्यांशी मी बोलते आहे, अप्पांनी केलं तसं दोन एकरांपासून सुरुवात करा म्हणून. अजून त्यांचं 'बघू' चाललंय. अप्पांचंही तेच होतं, म्हणून मी बोलणं सोडलेलं नाही.

राहता राहिली मोजणी. कागदावर हिस्से वेगळे झाले, पण गटाच्या नकाशात अजून एकच आकृती आहे. पोटहिस्सा मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात भरला आहे. नियमित मोजणीची फी कमी आणि मुदत 90 दिवसांची, द्रुतगती मोजणी 30 दिवसांत पण तिची फी कितीतरी जास्त. आम्ही नियमित भरली, हरभरा काढल्याशिवाय तसंही रान मोकळं नव्हतं. मोजणीदार येऊन खुणा लावेपर्यंत कुणी नवा बांध घालायचा नाही, असं तात्या, अप्पा आणि आत्याच्या मुलानं मिळून ठरवलंय. ते मी एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत, माझ्या सहीसकट.